भाड्याच्या घराचा माळा उघडण्याआधी: घरातला घातक कचरा द्यायचा कसा

गेल्या मे महिन्यात आमच्या कोपरखैरण्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कराडहून एक जोडपं भाड्याने राहायला आलं. सामान लागलं, गॅस जोडून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला मुलगा माझ्या दारात उभा. "काकू, माळ्यावर आधीच्या लोकांचं बरंच काय काय राहिलंय. काळ्या पिशवीत भरून खाली ठेवतो, मावशी नेतील ना?"

नेतील, पण आधी मला बघू दे, म्हटलं.

माळ्यावरून निघाल्या जळमटात गुंडाळलेल्या चार ट्यूब, तळाशी गोठलेला ऑइल पेंटचा डबा, चपलांच्या खोक्यात कोंबलेल्या गोळ्या आणि सिरपच्या बाटल्या, पोट फुगलेला जुना मोबाइल, काचेचा थर्मामीटर आणि थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पिवळट पाणी. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने बाटलीचं बूच काढून हुंगलंच. पाच मिनिटं खोकत होता. कुणीतरी संडास धुवायचं ॲसिड त्यात ओतून ठेवलं होतं.

मी वाशीतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली. तिथे सुईला वेगळा डबा, काचेला वेगळा, मुदत संपलेल्या औषधाला वेगळा. आणि घरी आल्यावर मीच सगळं एका बादलीत टाकायचे! ती खोड कशी मोडली ते पुढे सांगते. त्या मुलाला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे. नवी मुंबईत नव्याने आलेल्या कुणालाही चालेल.

आधी एक शब्द शिकून घ्या

इथे ओला आणि सुका यांच्या जोडीला तिसरा प्रकार आहे, त्याला महापालिका "घरगुती घातक कचरा" म्हणते. हा शब्द पाठ करा, कारण सोसायटीत, घंटागाडीवर आणि विभाग कार्यालयात तोच चालतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हा गट वेगळा काढला आणि त्यात काय काय येतं तेही लिहून ठेवलं: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूब, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया आणि सिरिंज, जखमेवरचा कापूस-पट्टी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग झाले. वरच्या वस्तू बहुतेक त्या चौथ्या भागात बसतात. नाव बदललं तरी तुमचं काम तेच राहतं.

सुक्या कचऱ्यात हे गेलं तर काय होतं? आपला कचरा तुर्भ्याच्या डम्पिंग ग्राउंडला जातो. त्याआधी आणि तिथेही तो माणसं हाताने निवडतात. घंटागाडीवरचा मुलगा, सोसायटीच्या मावशी, फिरत्या पट्ट्यावर प्लास्टिक वेगळं काढणाऱ्या बायका. पिशवीत काय आहे ते त्यांना हात घातल्यावरच कळतं. आणि जे कुणी निवडत नाही ते पुरलं जातं. आमच्या कोपरखैरण्यात सेक्टर १४ ला निसर्ग उद्यान आहे, संध्याकाळी फिरायला फार छान. ते जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभं आहे. नव्या लोकांना मी ते मुद्दाम दाखवते.

गंमत म्हणजे कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी आपल्या दाराशीच व्यवस्था आहे. तळोजा एमआयडीसीत मोठा प्रकल्प, महापेला टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, उद्योगांचा दुसरा. कारखान्याने ॲसिडचं पिंप भंगारात टाकलं तर त्याच्यावर कारवाई होते. आपण तीच गोष्ट अर्धा लिटरमध्ये करतो आणि कुणी विचारत नाही.

पायरी पहिली: शोधा, पण हुंगू नका

घरात आल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी तीन जागा उघडा: माळा, सिंकखालचं कपाट आणि सुकवायच्या बाल्कनीतला कोपरा. खिडक्या उघड्या ठेवा, हातात जाड रबरी मोजे घाला. स्टुलावर उभं राहून माळ्यावरचं एकेक हातात घ्या, पिशवी ओढून काढू नका; आत फुटलेली ट्यूब असली तर सगळं अंगावर येतं.

लेबल नसलेली बाटली दिसली की उघडायची नाही, हलवायची नाही, दुसऱ्या बाटलीत ओतायची नाही. तशीच उभी ठेवा आणि मार्करने लिहा: "अनोळखी द्रव, ॲसिड असू शकतं". दोन अनोळखी द्रव एकत्र तर कधीच नको. ब्लीच आणि संडासचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि छोट्या बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. ब्लीचमध्ये अमोनियावालं काचा पुसायचं पाणी पडलं तरी विषारी वायूच होतो. "दोन्ही घाणच काढतात, एकत्र टाकू" असं म्हणणारी माणसं मी कॅज्युअल्टीत ऑक्सिजनवर पाहिलेली आहेत.

पायरी दुसरी: तीन डबे

रंगकाम झाल्यावर उरलेली वीस लिटरची प्लास्टिकची बादली झाकणासकट मागून घ्या, घरमालक खुशीने देतात. ती ओल्या द्रवांसाठी. डबे-बाटल्या तिच्यात उभ्या ठेवायच्या, तळाशी दोन बोटं कोरडी वाळू. गळलं तर वाळू शोषून घेते. सेलसाठी प्लास्टिकची बरणी. काच आणि पाऱ्यासाठी जाड पुठ्ठ्याचं खोकं. तिन्ही गोष्टी उन्हापासून, गॅसपासून आणि मुलांच्या हातापासून लांब. आमच्याकडे हे सगळं बाल्कनीत, वॉशिंग मशीनमागच्या उंच फळीवर असतं.

मूळ डब्यात असलेली गोष्ट मूळ डब्यातच राहू द्या. लेबलवर काय आहे ते लिहिलेलं असतं, तेच पुढच्या माणसाच्या उपयोगाचं. त्या ॲसिडच्या बाटलीचा सगळा घोळ एवढाच होता की कुणीतरी ती थंड पेयाच्या बाटलीत भरली. घरात चार वर्षांचं पोर असतं तर?

पायरी तिसरी: एकेक वस्तू

*ट्यूब, सीएफएल, थर्मामीटर.* या तिन्हींत पारा. एका सीएफएलमध्ये तो काही मिलिग्रॅमच असतो. काचेच्या थर्मामीटरमध्ये मात्र साधारण अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभराहून जास्त सीएफएलइतका. आता मिळणाऱ्या एलईडी बल्बमध्ये पारा नाही. तो ई-कचऱ्यात जातो.

अख्खी ट्यूब सांभाळणं सोपं आहे. नवी आणली की तिच्या खोक्यात जुनी सरकवायची. खोकं नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने तीन ठिकाणी बांधा आणि कपाटामागे आडवी ठेवा. उभी ठेवलेली ट्यूब पडतेच, हा माझा अनुभव आहे.

फुटली तर घाई करू नका. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद करा, दार ओढून घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. मग मोजे घालून आत जा. केरसुणी नको आणि व्हॅक्यूम तर नकोच. त्याने पारा बारीक होऊन खोलीभर उडतो आणि केरसुणीतही बसतो. जुनी लग्नपत्रिका घ्या, तिचा पुठ्ठा नेमका हवा तसा ताठ असतो. दोन पत्रिकांनी काचा उचला, पांढरी पूड चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. काचा, पट्टी, कागद, पत्रिका, सगळं घट्ट झाकणाच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. खोली आणखी काही तास उघडी राहू द्या.

थर्मामीटर फुटला तर आधी अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. सोनं पाऱ्याला धरतं आणि पांढरं पडतं. दिवे मालवून टॉर्च फरशीलगत आडवा धरा. कपाटाखाली गेलेले थेंब लकाकतात. पुठ्ठ्याने ते एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, बरणीत. बेसिनमध्ये ओतू नका, पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो तो, खालच्या वाकड्या पाइपात बसून राहतो. पारा लागलेला कपडा मशीनमध्ये टाकायचा नाही, तोही बरणीच्या सोबतीला. आमच्या शाळेत मास्तर तळहातावर पारा देऊन खेळू द्यायचे. आम्हाला तो चमत्कार वाटायचा, आज आठवलं तरी हात धुवावासा वाटतो.

*सुया.* माझे यजमान मधुमेही. रोज सकाळी बोट टोचायची ती बारीक लॅन्सेट मी टिश्यूत गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचे. एका सकाळी आमच्या मावशी डाव्या हाताचं बोट धरून वर आल्या. "ताई, ही तुमच्या पिशवीत होती का वो?" तळहातावर लॅन्सेट, बोटावर रक्ताचा एक थेंब. रुग्णालयात आमच्यापैकी कुणाला सुई टोचली की फॉर्म भरला जायचा, रक्त तपासलं जायचं, सहा महिने पाठपुरावा व्हायचा. मावशींनी बोट पदराला पुसलं आणि त्या दुसऱ्या मजल्यावर निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवून बोट साबणाने धुवायला लावलं आणि त्याच दिवशी तपासणीला घेऊन गेले. सगळं ठीक निघालं. तपासण्या संपेपर्यंत त्या मात्र दर आठवड्याला विचारायच्या, "ताई, काय नाय ना?" आणि मला वर बघवत नसे.

तेव्हापासून आमच्या घरी कपडे धुवायच्या लिक्विडची रिकामी बाटली असते. ती जाड असते, सुई आरपार जात नाही. पाण्याची पातळ बाटली उपयोगाची नाही. इन्सुलिन पेनची सुई तिच्या बाहेरच्या मोठ्या टोपणाने काढा, बोटाने नाही. बाटली पाऊण भरली की बूच लावून त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे, आणि ठळक अक्षरात "सुया". मग आपल्या नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबला किंवा डॉक्टरांना विचारा, त्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात घेतील का. काही घेतात, काही नाही म्हणतात. नाही म्हणाले तर बाटली घंटागाडीवर, पण नाव सांगून.

कुणाला सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढायचं नाही, चोखायचं तर नाहीच. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी, आणि जितकी लवकर तितकी बरी.

*सेल आणि बॅटऱ्या.* घड्याळातले पेन्सिल सेल बरणीत साठवा. चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं आणि बटण सेल मात्र आधी चिकटपट्टीने झाका. किल्ली किंवा दुसरा सेल टेकला की ते तापतात. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सेल ठेवायची सवय असेल तर सोडा. रिमोटमध्ये सेल फुटून पांढरी-हिरवी पूड झाली असेल तर मोजे घालून काढा.

बटण सेलबद्दल थोडं थांबते, कारण घरात लहान मूल असेल तर हा सगळ्यात धोकादायक कचरा आहे. वजनकाट्यात, कारच्या किल्लीत, वाजणाऱ्या खेळण्यात जो नाण्याएवढा लिथियम सेल असतो तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, काही भरवत बसू नका. सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी रिक्षा पकडा, एक्स-रे असलेल्या रुग्णालयात जा आणि "बटण सेल गिळला असेल" हेच शब्द दारातच सांगा.

पोट फुगलेला मोबाइल किंवा पॉवर बँक म्हणजे आतल्या लिथियम बॅटरीत वायू झालाय. चार्जिंगला लावून बघू नका. टोचू नका, दाबू नका, फ्रिजमध्येही नको. कोरडी वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून कुंडी बाल्कनीत. अशी बॅटरी कचऱ्याच्या कॉम्पॅक्टरमध्ये दाबली गेली की गाडीच पेटते.

देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, ते उगाच नाही. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं तर सोपंच. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत करा, शिशाला भाव असल्याने पैसेही वळते होतात. जुनी नेताना उभी न्या, तिरकी केली की ॲसिड सांडतं. सांडलंच तर वर खायचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत.

भंगारवाल्याबद्दल माझा राग नाही. रद्दी, पत्रा, बाटल्या त्याच्याइतक्या नीट कुणी नेत नाही. पण बॅटरी तो फोडतो आणि ॲसिड कुठल्यातरी गटारात ओततो, वायर जाळून तांबं काढतो. शे-दोनशे रुपयांसाठी ते त्याच्याकडे देऊ नका.

*औषधं.* आधी वेगळी करा: मुदत संपलेली, अर्धवट राहिलेली, आणि सीलबंद न उघडलेली. शेवटची डॉक्टरांना दाखवा, गरजूंसाठी घेणारे डॉक्टर मी पाहिलेत. बाकीच्यांसाठी खोकी फाडून रद्दीत टाका, स्ट्रिप्स कात्रीने आडव्या कापा म्हणजे कुणी पुन्हा विकणार नाही. बाटलीवरचं पेशंटचं नाव खोडा. सिरप बेसिनमध्ये ओतायचं नाही. वापरलेली चहापूड किंवा लाकडाचा भुसा एका जाड पिशवीत घ्या, त्यात सिरप ओतून गाठ मारा. मग हे सगळं घातक कचऱ्यात.

अँटिबायोटिकची सिरप गटारात ओतली की ती मलप्रक्रिया केंद्रात जाते. तिथे मैला खाणारे जिवाणूच काम करतात. औषधाने त्यातले काही मरतात आणि उरलेले त्या औषधाला पुरून उरायला शिकतात. अपवाद मोजक्या तीव्र औषधांचा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली: फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम वगैरे. ही चुकून दुसऱ्याने घेतली तर एकाच डोसात जिवावर बेतू शकतं, म्हणून ती संडासात टाकून पाणी सोडा, असं ती सांगते. कॅन्सरच्या पेशंटच्या घरी अंगावर चिकटवायच्या वेदनाशामक पट्ट्या उरतात, त्यांच्यासाठी हे लक्षात ठेवा. दम्याचा पंप मात्र दाबाखालचा डबा आहे, टोचायचा नाही, जाळायचा नाही.

*रंग, थिनर, कीटकनाशकं.* पाण्याचा रंग उरला असेल तर आधी कामाला लावा. वॉचमनची केबिन, मीटरची पेटी, कुंड्या. तरी उरला तर डब्यात वाळू किंवा फाडलेलं वर्तमानपत्र मिसळून झाकण उघडं ठेवून बाल्कनीत वाळवा. आठवड्यात दगड होतो आणि डबा कोरडा होऊन जातो. ऑइल पेंट आणि थिनर असे वाळवू नका, त्यांची वाफ पेट घेते. ते मूळ डब्यात घट्ट बंद करून द्या. ब्रश धुतलेलं थिनर बाटलीत दोन-तीन दिवस स्थिर ठेवलं की रंग तळाशी बसतो, वरचं स्वच्छ थिनर पुन्हा वापरता येतं. आमचा सुतार हेच करायचा. त्याच्याकडून शिकलेली दुसरी गोष्ट: अळशीच्या तेलाने फर्निचर पुसलेली फडकी चुरगाळून ठेवायची नाहीत. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून बंद डब्यात ठेवा.

रंग, थिनर रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतण्याचा मोह होतो. नवी मुंबईत तो अधिकच वाईट. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास आहे, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी आधी त्यात, मग ओहोटीला खाडीत. मध्ये शुद्ध करणारं काही नाही. तुमचं थिनर थेट ठाणे खाडीत, जिथे रोहित (फ्लेमिंगो) येतात म्हणून २०१५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

ढेकणांचं, झुरळांचं औषध, उंदरांच्या गोळ्या, डांबर गोळ्या मूळ वेष्टनातच द्या. फवाऱ्याचे डबे रिकामे झाले तरी दाब उरतो, म्हणून त्यांना खिळा मारायचा नाही. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन पाणी भरायला वापरणारी एक बाई मी लॅबमध्ये पाहिली होती, तिचं रक्त तपासायला आलं तेव्हा. कुणी काही विषारी प्यायलंच तर १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा विनामूल्य क्रमांकही फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा.

*बाकीचं भराभर.* पॅड आणि डायपर सोबतच्या पाकिटात किंवा कागदात गुंडाळून वेगळे द्या. पुण्यात त्यावर लाल टिपका काढायची पद्धत आहे, चांगली आहे, उचला. न फुटलेले फटाके रात्रभर पाण्याच्या बादलीत. संगणक, टीव्ही, फ्रिज ई-कचऱ्यात, कंपनीच्या परत घेण्याच्या योजनेतून किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे; देण्याआधी सिम, कार्ड आणि फोटो काढून घ्या. बैठ्या घराच्या गच्चीवर सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू फुफ्फुसाला घातक. पाणी मारून, नट-बोल्ट सोडवून, अख्खा उतरवून घ्या. सिडकोच्या जुन्या घराचा रंग खरवडतानाही भिंत ओली करून घ्या. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा २०१७ मध्ये कडक झाली, त्याआधीच्या थरांत काय आहे कोण जाणे.

पायरी चौथी: नाव सांगून द्या

इथपर्यंत सगळं नीट करून लोक शेवटी चुकतात. बादली दाराबाहेर ठेवतात आणि ऑफिसला जातात. घातक कचरा दारात ठेवायचा नसतो, हातात द्यायचा असतो, आणि देताना त्यात काय आहे ते तोंडाने सांगायचं असतं.

पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा: घातक कचऱ्याचा डबा कुठे आहे, कोणत्या दिवशी जातो. काही सोसायट्यांत नीट व्यवस्था आहे, काहींत डबा असतो पण त्यात जिन्यावरचा केर पडतो. नसेल तर विभाग कार्यालयातल्या स्वच्छता निरीक्षकांना भेटा, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, जे तुमचं असेल ते. फोनपेक्षा लेखी अर्ज बरा, आणि त्यावर पोच घ्या. अर्जात एक ओळ घाला: २०१६ च्या नियमांनी दर २० चौरस किलोमीटरला घरगुती घातक कचऱ्याचं एक संकलन केंद्र ठेवून त्याच्या वेळा जाहीर करायला सांगितलं होतं, तर आमच्या भागातलं केंद्र कोणतं? या ओळीने उत्तर लवकर येतं, असा अनुभव आहे. इमारतीतल्या चार-पाच घरांनी मिळून महिन्यातून एकदा दिलं तर गाडीवाल्यालाही वेगळं ठेवणं सोपं पडतं.

कराडच्या त्या मुलाने तसंच केलं. मंगळवारी सकाळी साडेसातला घंटागाडी आली तेव्हा तो चार ट्यूब, औषधांची पिशवी आणि वाळूतली ती ॲसिडची बाटली घेऊन खाली उभा होता. "दादा, ह्या ट्यूब आहेत, अख्ख्या. ही औषधं. आणि यात ॲसिड आहे, आडवी करू नका." गाडीवरच्या मुलाने बाटलीकडे बघितलं, हातातलं मोज्याचं बोट फाटलेलं होतं ते दुमडलं आणि बादली कडेला बांधली. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाला, "काल घणसोलीत एकाने पिशवीतच दिलं होतं."

फुगलेला मोबाइल त्याने कंपनीच्या सेवा केंद्रात वाळूच्या डब्यासकट नेऊन दिला. थर्मामीटर अख्खा होता, तो मी माझ्या जुन्या लॅबमध्ये पोचवला. पेंटचा डबा घट्ट बंद करून बाल्कनीत ठेवलाय, तो द्यायचा अजून बाकी आहे. आणि माळ्याच्या दाराला आतून त्याने एक चिठ्ठी चिकटवलीय, पुढच्या भाडेकरूसाठी: "इथे काही ठेवलेलं नाही. ट्यूब बदलली ११ जूनला, जुनी दिली."